रुमालाखालचा कौल

गेल्या महिन्यात शहरातले दोन तरुण वकील माझ्याकडे आले. शहराच्या कमेटीवरची माणसं आता लोकांना विचारून घ्यायची आहेत, त्यासाठी चिठ्ठ्या टाकायची पेटी येणार आहे आणि त्या पेटीशेजारी दिवसभर बसायला एक विश्वासाचा माणूस हवा आहे, असं त्यांनी सांगितलं. "तुमच्याइतका निःस्पृह गृहस्थ या वस्तीत दुसरा नाही," त्यातला धाकटा म्हणाला. मी त्यांना पानसुपारी दिली, प्रकृतीचं कारण सांगितलं आणि वाटेला लावलं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. पण जाता जाता दोघं दारात एकमेकांना म्हणाले ते मी ऐकलं, "मानाची हाव नाही बघ म्हाताऱ्याला." मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

अशा कामाला मी पूर्वी एकदा बसलो होतो. ते कसं केलं हे ते वकील येईपर्यंत वीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आता सांगतो.

तेव्हा अमरावतीत कापसाचे दिवस होते. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी माजून लढाई लागली होती, त्यांचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमचा जात होता. अमेरिका कुठे आहे हे आमच्या पुऱ्यात, म्हणजे शहराच्या कडेच्या आमच्या वस्तीत, कोणालाच ठाऊक नव्हतं. ती परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाट ओलांडला की लागत असावी, अशी एकाची समजूत होती. पण तिथली लढाई थांबू नये म्हणून देवीला नवस बोललेली तीन घरं मी सांगू शकतो. त्यातल्या एका कुणब्याने तर दोन्ही बाजूंना सारखंच बळ मिळो म्हणून दोन नारळ फोडले होते.

ज्याच्या अंगणात कापसाचा ढीग त्याने छत्री घेतली, आणि ती पौषातल्या उन्हातही उघडून तो हिंडू लागला. एकाने मुंबईहून घड्याळ आणून ओसरीवर टांगलं. वेळ वाचता येत नव्हती, पण ठोके पडले की तो पाहुण्यांकडे असा बघे, जणू ते त्याच्याच शेतात पिकले होते.

मी कापसाचा दलाल होतो. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नसत. घेणाऱ्याचा हात आणि विकणाऱ्याचा हात एका रुमालाखाली जायचे, आणि जे काय ते बोटं दाबून ठरायचं. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, तळहातावर अंगठा घासला की अर्धा. वर भोवती पन्नास माणसं उभी असत आणि सगळ्यांचे चेहरे दगडाचे. दलालाचा हात दोघांच्या मध्ये. रुमालाखाली काय झालं ते दलालाने बाहेर बोलायचं नाही, हा एकच नियम आमच्या धंद्यात होता आणि तो सगळे पाळत. बाकी काय पाळत ते विचारू नका.

आमचा पुरा बेचाळीस घरांचा. अर्धी घरं माळ्यांची, उरलेली कुणब्यांची, त्यात एक माझं. मधोमध मोठी विहीर आणि तिच्या भोवती मोकळी जागा, तिथे बाया भाजी निवडत, गुरं बसत, लग्नाचे मांडव पडत. या पुऱ्याला एकत्र आणलं होतं ते एका माळ्याने. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण आम्ही अरेतुरेतले. बाकी सगळे त्याला दादा म्हणत, म्हणून मीही इथे दादाच म्हणतो. पुऱ्याच्या कडेला त्याचा वांग्यांचा आणि झेंडूचा मळा होता.

दादाला लिहिता येत नव्हतं आणि भाषण करता येत नव्हतं. त्याला येत होतं ते एवढंच, की लोकांच्या दारात जाऊन बसायचं. पटकीची साथ आली त्या वर्षी त्याने विहीर उपसायची ठरवली. "घरटी एक मानूस आन एक दोर," एवढं बोलून तो दारोदार बसला. ज्याने नाही म्हटलं त्याच्या ओसरीवर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी त्या घरची बाईच नवऱ्याला म्हणे, "जा बापा, याले उठवा अठून, मले सारवाचं हाये." अशा रीतीने विहीर उपसली गेली. पुढे नाली झाली, गाड्या विहिरीजवळ सोडायच्या नाहीत असा ठराव झाला. सरकारात गेलेले सगळे अर्ज माझ्या हातचे. मोडीत मी लिहायचो, खाली तो अंगठा उठवायचा आणि लोक म्हणायचे, दादाने अर्ज केला. हे मी मनात ठेवत होतो हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

याच पुऱ्यात शेठ जन्मला. लहानपणी तो बैलाच्या पाठीवर सरकीच्या गोण्या टाकून खेडोपाडी हिंडे. आम्ही त्याला काय म्हणून हाक मारायचो ते लिहिण्यासारखं नाही. कापूस चढला तसा तोही चढला. त्याच्या वाड्यात सरकी काढायचे रेचे बसले, पुऱ्यातल्या बाया तिथे कामाला जाऊ लागल्या, पुरुष कापूस मापायला आणि गाड्या भरायला. एका दिवाळीनंतर आम्ही त्याला शेठ म्हणू लागलो, आणि पहिल्यांदा कोणी म्हटलं ते कोणाला आठवेना. मला आठवतं. मीच.

शेठला कापसाच्या गठाणी आवळायचं यंत्र मुंबईहून आणायचं होतं आणि त्यासाठी जागा हवी होती. जागा एकच होती. विहिरीभोवतीची.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाने शहरासाठी कमेटी नेमायचं काढलं. रस्ते, नाल्या आणि सरकारी मोकळ्या जागा कोणाला द्यायच्या, हे ती कमेटी सांगणार. तिच्यासाठी खुर्च्यासुद्धा येऊन पडल्या होत्या. एरवी साहेब ज्याला बोलवायचा तोच पंच व्हायचा, पण आमच्या पुऱ्याचे अर्ज एवढे गेले होते की साहेबाने वैतागून किंवा कौतुकाने हुकूम सोडला: या पुऱ्याने आपला माणूस आपणच सांगावा. घरटी एक हात. बाजाराच्या दिवशी कारकून येईल, त्याच्यापुढे एकेकाने नाव बोलावं.

म्हणजे आमचेच अर्ज आमच्या गळ्यात आले.

दादा उभा राहणार हे कोणी ठरवलं नाही, ते होतंच. शेठ उभा राहणार हेही. दादा खुर्चीत बसला तर विहीर राहील आणि शेठ बसला तर जाईल, हे पुऱ्यातल्या पोरासोरांनाही कळत होतं. पण नाव मोठ्याने बोलायचं म्हटल्यावर सगळ्यांची अडचण झाली. शेठच्या तोंडावर दादाचं नाव घेणार कोण? दुसऱ्या दिवशी रेच्यावर बायको कोणाची जाणार होती?

विहिरीवर बैठक बसली. पुण्याकडून बदलून आलेला कारकूनही आला होता. आमचं बोलणं ऐकताना त्याच्या कपाळावर कायम एक आठी असे, दात दुखत असल्यासारखी.

दादाचा साळा, म्हणजे त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ, शेजारच्याच घरात राहायचा. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत दार पाडलेलं होतं, म्हणजे एका चुलीवरचं कालवण दुसऱ्या चुलीवर जायला अंगण ओलांडावं लागत नसे. हा साळा शेठकडे मापारी होता. तोच पहिल्यांदा बोलला.

"तोंडानं नाव घ्याचं म्हनजे कठीन हाये दादा. माहं तोंड शेठच्या काट्यापाशी बांधेल हाये."

"मंग हातानं सांगा," दादा म्हणाला. "रुमालाखाली. एक बोट दाबलं तं मी, पंजा दाबला तं शेठ. बाकी कोनाले कायले समजाव लागते?"

"काय? रुमालाखाली?" कारकून म्हणाला. "अहो, हे सरकारी काम आहे. हातात हात घालून हे कसलं मत?"

"अठी सारे सौदे असेच होते रावसाहेब," शेठ म्हणाला. तोही हजर होता आणि त्याला ही कल्पना आवडलेली दिसली. "पन मले येक सांगा, यानं येक बोट आन मले पंजा काहून? लोक म्हनतीन शेठले पाच बोटं लागते."

"तू येक घे, मी पाच घेतो," दादा म्हणाला.

शेठने विचार केला. "नाई. पाचच ठेवा. मी काही येका बोटाचा मानूस नोहो."

लोक हसले. मग हात कोणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न निघाला. दलाल पुऱ्यात एकच होता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"हा हाये ना," दादा म्हणाला. "याच्यावर माहा इस्वास हाये. तुमचाही असंन. शेठ, तुमाले चालते काय?"

"मले? मले तं पळते," शेठ म्हणाला.

कारकुनाने साहेबाला कळवलं. साहेब म्हणे खूश झाला. त्यांच्या विलायतेतसुद्धा लोक अजून उघड्यावर उभं राहून नाव सांगतात, असं तो बोलला. वऱ्हाड विलायतेच्या पुढे निघून गेलं हे त्या दिवशी आम्हाला समजलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी शेठने माझ्यासाठी आपली दमणी पाठवली. माझ्या घरापासून विहीर दोनशे पावलांवर. पण दमणी आली होती, बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू होते, गादीवर लाल खोळ होती. मी परत पाठवायला हवी होती. मी बसलो. गाडीवानाने सरळ विहिरीवर न नेता सगळ्या पुऱ्यातून फिरवून नेलं. लोक ओट्यांवर येऊन बघत होते. एक म्हातारा उठून उभा राहिला. मला पाहून आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.

वाड्यापाशी शेठ दमणीजवळ आला आणि चाकावर हात ठेवून हळूच म्हणाला, "दलालजी, यंत्र उभं झालं म्हनजे साऱ्या गठाणींची दलाली मी येकाच हातात ठिवनार हावो. हात कोनाचा ते अजून ठरवलं नाई."

गाडीवानाने बैल हाकले. देवाची शपथ घेऊन सांगतो, तेव्हा मी काही ठरवलं नाही. माझ्या पापाला तेवढी तरी खोल मुळं असती तर बरं झालं असतं.

विहिरीच्या काठावर सतरंजी टाकली होती. मी रुमाल अंथरून बसलो. शेजारी कारकून बोरू घेऊन. घरं बेचाळीस, त्यातलं माझं वगळून एक्केचाळीस.

पहिलाच वाद पडला तो भाजीवाल्या मावशीवरून. नवरा वारल्यापासून घर तिचंच. ती रुमालापुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी भाव बोटानं नाई सांगत. मी वांगे इकतो ते तोंडानं. लिहा रावसाहेब, दादा!"

"बायकांचं धरता येत नाही," कारकून म्हणाला.

"काहून? विहिरीचं पानी बायाच भरते. तुमी भरता काय?"

कारकुनाने कान लाल करून तिचं घर खोडलं. उरले चाळीस हात.

मग एकेक हात रुमालाखाली आला. दलालाला तोंडं लक्षात राहत नाहीत, हात राहतात. एकाने एक बोट दाबलं, मग घाबरून पंजा दाबला, मग पुन्हा एक बोट, आणि सुटल्यासारखा निघून गेला. एका म्हाताऱ्याने सवयीने तीन बोटं दाबली. मी मान हलवली तशी त्याने तळहातावर अंगठा घासून वर अर्धा चढवला. मी हळूच म्हटलं, "बाबा, हा सौदा नाही." तो म्हणाला, "मंग सांग ना, चालू भाव काय हाये?" शेवटी त्याने एक बोट दाबलं. शेठ आला, त्याने असा पंजा आवळला की माझी हाडं वाजली. साळ्याने एक बोट दाबलं, इतकं घट्ट की नख रुतलं.

आणि दादा आला. त्याने पंजा दाबला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो दगडासारखा समोर बघत होता. आपल्याच हाताने आपलं नाव घेणं त्याला बरं वाटलं नव्हतं. घरी पाहुणा जेवायला बसला असता पहिली भाकरी आपण ओढत नाही, तसंच ते. आपला कौल त्याने शेठला देऊन टाकला आणि काठावर जाऊन बसला.

चाळीस हात झाले. एकोणतीस एका बोटाचे, अकरा पंजाचे.

मला सगळ्यांत आधी काय वाटलं ते लिहितो, कारण तेवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे. मला आनंद झाला नाही. एकोणतीस माणसांनी माझ्या हातात हात देऊन त्याचं नाव सांगितलं होतं, आणि त्यातल्या एकाच्याही बोटाला मी ठाऊक नव्हतो. अर्ज मी लिहिले. अक्षर माझं. उद्या तो साहेबाशेजारी खुर्चीत बसणार आणि तिथे काय बोलायचं तेही मीच लिहून देणार. दमणीत बसून फिरलो तेवढाच माझा मान, आणि तोही संपला होता, कारण हरलेला शेठ आपली दमणी दुसऱ्यांदा पाठवणार नव्हता.

"किती?" कारकुनाने विचारलं.

"दादा अकरा," मी म्हणालो. "शेठ एकोणतीस."

खोटं बोलायला काही नवं जुळवावं लागलं नाही. दोन आकडे होते, ते फक्त इकडचे तिकडे केले.

कोणी ओरडलं नाही. प्रत्येकाला ठाऊक होतं की आपण एक बोट दाबलं, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता. मी तर दिला, मग बदलला तो कोण? विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे आपलं बोट शेठला दाखवणं. एकोणतीस माणसं एकाच वेळी खरी होती आणि एकोणतीस जणांना वाटत होतं की आपल्याखेरीज सगळे बेइमान. मी काही न करता, नुसते दोन आकडे बदलून, पुरा फोडला होता.

दादा उठला, धोतर झटकलं आणि शेठला म्हणाला, "विहिरीचं पाहजा." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या दारात रांग लागली. मी शेठशेजारी गादीवर बसलो होतो, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं. पहिला म्हणाला, "शेठ, म्या असा पंजा दाबला का दलालजी कन्हले. इचारा त्याहिले." मी होकारार्थी मान डोलावली. दुसरा म्हणाला, "आमच्या घरचा तं पयलापासून तुमालेच होता." तीन बोटं दाबणारा म्हाताराही आला आणि म्हणाला, "मी तुमाले साडेतीन देत होतो, या पोट्ट्यानं धरू देले नाई." दुपारपर्यंत शेठला कौल दिलेली घरं एकोणचाळीस झाली. शेठ माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमाले मोजताच येत नाई लेकहो. एकोणचाळीस होते, एकोणतीस काय सांगतले?"

मावशी तेवढी आली नाही. ती चार दिवसांनी माझ्या दारात भाजीची टोपली घेऊन उभी राहिली. "चाळीस हात झाले आन तोंड येकालेही फुटलं नाई. तो रुमाल जरा धुवून घेजो रे बापा," म्हणाली आणि वांगी न विकताच गेली.

शेठ कमेटीत बसला. त्या खुर्चीवर पाय खाली सोडून बसावं लागतं हे त्याला आवडलं नाही, म्हणून पहिल्या सभेत तो मांडी घालून बसला. साहेब बोलला की "जी हुजूर" म्हणायचं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. तीन महिन्यांत विहिरीभोवतीची जागा यंत्राला मिळाली. गाड्या थेट काठाला लागू लागल्या. सरकी आणि कापसाचा भुगा उडून पाण्यात पडला, पाण्याला वास सुटला. बाया नाल्यापलीकडच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

एकदा दादा घरटी एक माणूस म्हणत निघाला होता. पहिल्याच ओसरीवर बसला आणि थोड्या वेळाने स्वतःच उठला. समोर बसलेला माणूस अकरातला की एकोणतिसातला, हे ठरवता येईना, तर त्याच्याकडून दोर कसा मागायचा? भिंतीतलं दारही त्याने त्याच उन्हाळ्यात विटा लावून बुजवलं. बहीण अलीकडे, भाऊ पलीकडे. वर्षभरात मळा मोडून तो बायकोला घेऊन अकोल्याला गेला.

दलाली मला मिळाली. सव्वा वर्ष पुरली. मग अमेरिकेतली लढाई संपली. देवीने नवस मनावर घेतले नाहीत, की दोन्ही बाजूंचे नारळ एकमेकांना फिटले, कोण जाणे. कापसाचा भाव असा पडला की छत्र्या मिटल्या. शेठ यंत्र टाकून एका सकाळी निघून गेला. यंत्र तिथेच गंजतं आहे, त्याला आता गुरं बांधतात. विहीर बुजली.

वकील येऊन गेल्यावर आठ दिवसांनी मी बडनेऱ्याहून आगगाडीत बसलो आणि अकोल्याला उतरलो. मोर्णा नदीच्या काठी दादाने खंडाने घेतलेला मळा शोधायला वेळ लागला नाही. तो वांग्यांना पाणी देत होता. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या वाफ्याला वळला.

"कसा आला?"

"सांगायचं होतं. तुझे एकोणतीस होते."

"कायचे?"

"रुमालाखालचे. मी आकडे उलटे सांगितले. शेठचे अकरा होते."

मला वाटलं होतं की तो डोक्यात फावडं घालेल. तो हसला.

"आन त्या अकरातला येक मीच," तो म्हणाला. "आठवते काय? म्या पंजा देल्ता."

"आठवतं."

"मंग बाकीचे दहा कोन?"

"एक शेठ. उरलेले नऊ सांगणार नाही. रुमालाखालचं बाहेर बोलत नसतात."

"वा रे इमानदार दलाल!" तो म्हणाला आणि पुन्हा पाण्याकडे वळला. पाणी वाफ्यातून बाहेर निघालं तेव्हा त्याने दांड मोडून दुसरीकडे वळवलं. मग म्हणाला, "तुले सांगू? मी ते अकरा शोधत बसलो. वीस वर्स. जे पक्के आपले, त्याहिले बोटावर मोजो. अकरा भरले का थांबाव लागे. माह्या हिशेबानं पक्के चौदा-पंधरा होते. मंग कोनाले तरी काढाव लागे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "साळ्याले काढलं. शेठचा मापारी म्हनून."

"त्याने एक बोट दाबलं होतं. नख रुतेपर्यंत."

दादा बांधावर बसला.

"त्याच्या पोरीच्या लग्नाले गेलो नाई मी. घरचीलेही जाऊ देलं नाई. ते अजून तोंडात पदर धरून रडते." थोड्या वेळाने म्हणाला, "पुऱ्यात जाय. उभा राहून सांग साऱ्याइले."

"उभं राहून मला बोलता यायचं नाही. मी लिहितो."

"लिहून काय करशीन? आपल्या पुऱ्यात वाचते कोन?"

"मी घरोघर वाचून दाखवीन."

"मंग साळ्यापासून लाग. आन तो काय म्हनते ते मले कळवजो. त्यानं बलावलं तं मी येतो."

तो फार दिवसांनी काहीतरी मागत होता. मी हो म्हणालो.

इथवर लिहून झालं तेव्हा मी कागद घेऊन साळ्याकडे गेलो. तो आता वाकला आहे, कानाला थोडं कमी ऐकू येतं. मी सगळं मोठ्याने वाचलं. तो ओट्यावर बसून ऐकत होता, समोर त्या बुजवलेल्या दाराची चौकट भिंतीत अजून दिसते, तिकडे बघत.

"खोटं," तो म्हणाला.

"काय खोटं?"

"मी पंजा देला होता. शेठले."

"अरे, माझ्या हाताला तुझं बोट आठवतं. एकच होतं."

"तुह्या हाताले काय आठवते ते सांगू नको!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून बोलला, "शेठकडे मी रोज सांगो का पंजा देला. घरी बायकोले सांगतलं. पोराइले सांगतलं. शेठ गेला तरी सांगत राह्यलो. बहीन दाराशी येऊन गेली, म्या बोललो नाई, मनात म्हनलो, आपुनच तं दगा देला, कोन्त्या तोंडानं बोलू. आन आता तू येऊन म्हनतो का येक बोट होतं. मंग वीस वर्स मी बहिनीशी कायले नाई बोललो? उगाच? तुह्या दमणीसाठी?"

मी कागदाची घडी घातली.

"त्याच्यापेक्षा मी बेइमान होतो तेच बरं हाये," तो म्हणाला. "दादाले तसंच कळव."

मी अजून कळवलेलं नाही. त्याच्या ओट्यावरून उतरून, कागदाची घडी हातात घेऊन, मी रस्त्यापलीकडच्या घरी गेलो. त्या घरचं एकच बोट मला साळ्याच्या बोटाइतकंच पक्कं आठवतं. तिथल्या म्हाताऱ्याने मला आदराने बसवलं, पानाचं तबक पुढे केलं, आणि मी घडी उलगडायच्या आत नातवाला हाक मारून सांगितलं, "हे पाय, हे दलालजी. त्या साली शेठ निवडून आले ते आपल्या घरच्या पंजावर. इचार याहिले."